पायाखालचा स्फटिक

स्ट्रॉन्शियम टायटनेट हा पारदर्शक, वीज न वाहणारा स्फटिक. तो इतका झळाळतो की 1950च्या दशकात दागिन्यांत हिऱ्याऐवजी जडवला जाई. लँथॅनम ॲल्युमिनेटही तसाच विद्युतरोधक. 2004 साली अकिरा ओहतोमो आणि हॅरॉल्ड ह्वांग यांनी पहिल्यावर दुसऱ्याचे पातळ थर चढवले आणि दोघांच्या सीमेवर धातूतल्यासारखी वीज वाहते असे दाखवून दिले. दोन्ही बाजूंना रोधक आणि मधोमध वाहक! या सीमेविषयीची समजूत पुढे ज्या वळणांनी बदलत गेली, ती मला पदार्थविज्ञानातली विलक्षण बोलकी हकिकत वाटते.

पहिला प्रश्न साहजिकच असा होता, की हे इलेक्ट्रॉन आले कुठून? लँथॅनम ॲल्युमिनेटचे अणुथर आळीपाळीने धन आणि ऋण भाराचे, तर खालच्या स्फटिकाचे थर उदासीन. त्यामुळे वरचा थर जाड होत जातो तसा आतला विद्युतदाब साचतो आणि अखेर इलेक्ट्रॉन सीमेकडे सरकतात, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. 2006 साली त्याला बळकटी मिळाली : अशा धन-ऋण अणुथरांच्या तीन जोड्यांपर्यंत काहीच होत नाही, चौथी चढताच सीमा वाहक होते. विरोधकांनी मात्र स्फटिकातून निसटलेल्या ऑक्सिजन अणूंकडे बोट दाखवले. हा वाद चालू असतानाच, 2007 साली, सुमारे 0.2 केल्व्हिनला तीच सीमा अतिसंवाहक होते असे आढळले.

वाद कितीही रंगला तरी दोन्ही पक्षांच्या मनातले चित्र एकच होते : सीमाभर सारखा पसरलेला इलेक्ट्रॉनांचा थर. ही सवय गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकांच्या अभ्यासातून आली असावी. तिथे पायाचा स्फटिक थंड केला तरी मुकाट राहतो. सारख्या थराच्या या चित्राला मोजणीचीही साथ होती, कारण नमुन्याच्या दोन टोकांमधला रोध मोजला की हाती येतो एकच आकडा. वीज कुठून गेली, हे तो आकडा सांगू शकत नाही.

खरे तर स्ट्रॉन्शियम टायटनेट मुकाट नाही, हे 1960च्या दशकापासून ठाऊक होते. पुढे उच्चतापमान अतिसंवाहकतेसाठी नोबेल मिळवणारे के. ॲलेक्स म्युलर झुरिकला याच स्फटिकावर काम करत होते. 105 केल्व्हिनच्या, म्हणजे सुमारे उणे 168 अंश सेल्सिअसच्या, खाली त्यातले ऑक्सिजनचे अष्टफलक किंचित वळतात आणि घनाकार घटक एका दिशेने लांबट होतो. हा फरक हजारांश भागाहूनही कमी. पण लांबायला तीन दिशा मोकळ्या असतात. स्फटिकाचे निरनिराळे भाग निरनिराळी दिशा धरतात आणि त्यांच्यामध्ये भिंती उभ्या राहतात. या भागांना डोमेन म्हणतात. सीमेवरचे बहुतेक महत्त्वाचे प्रयोग या तापमानाच्या खूप खाली होत होते. एवढी माहिती हाताशी असून ती बराच काळ या प्रश्नाला जोडली गेली नाही, हे मला खटकते.

2013 साली दोन गटांनी ती जोडणी केली. स्टॅनफर्डमध्ये बीना कलिस्की, कॅथरिन मोलर आणि सहकाऱ्यांनी प्रवाहाभोवतीचे क्षीण चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहक वेटोळ्याने टिपत सीमेचा नकाशा काढला. शेतात पाणी पाटापाटाने धावावे तशी वीज अरुंद पट्ट्यांमधून अधिक वाहत होती, आणि पट्ट्या स्फटिकाच्या अक्षांना धरून होत्या. नमुना 105 केल्व्हिनच्या वर नेऊन पुन्हा थंड केला की त्यांची मांडणी बदले. अशुद्धी किंवा घडणीतला दोष असता तर तो जागचा हलला नसता. म्हणून हा पुरावा मला सर्वांत पटतो. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत शहल इलानी यांच्या गटाने स्थानिक विद्युतविभव मोजून हेच डोमेनचे पट्टे पाहिले, आणि बाहेरून व्होल्टेज दिल्यावर भिंती सरकतात हेही दाखवले.

या शेवटच्या निरीक्षणाने जुन्या मोजण्यांकडे नव्याने पाहावे लागते. खालून दिलेल्या व्होल्टेजने इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त होते, असे समजून आलेख वाचले जात. त्याच वेळी वाटाही हलत असतील, तर रोधातल्या बदलाचे श्रेय केवळ संख्येला देता येत नाही. सूक्ष्म उपकरणांत तर हे अधिकच जाणवणार, कारण काही मायक्रॉन रुंदीच्या पट्टीत एखादीच भिंत असेल किंवा एकही नसेल. 2016 मध्ये, अशुद्धीचा पातळ थर घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये, अतिसंवाहक होण्याचे तापमानही डोमेनागणिक थोडे बदलते असे मोलर यांच्या गटाने दाखवले. याउलट पोटॅशियम टँटॅलेट हा त्याचा भाईबंद अतिशीत अवस्थेतही घनाकारच राहतो, आणि 2021 साली त्याच्या सीमेवर सुमारे 2 केल्व्हिनला अतिसंवाहकता सापडली. एकीकडे भिंती आहेत, दुसरीकडे नाहीत. या दोन सीमा शेजारी ठेवून अभ्यासल्या, तर डोमेनचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा किती, हे वेगळे काढायला मदत होईल.