रांगेतला वेळ कोणाचा?

समजा, आपण फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्नेच्या उद्यानात उभे आहात. हे ठिकाण आता आपल्याला फार लांबचे राहिलेले नाही. पुण्या-इंदूरच्या, बडोद्या-हैदराबादच्या कितीतरी मराठी घरांतली मुले अमेरिकेत नोकरीला आहेत आणि उन्हाळ्यात आजी-आजोबा तिकडे गेले की नातवंडांबरोबर ऑर्लँडोची एक फेरी होतेच. प्रवेशाचे महागडे तिकीट काढून झाले आहे. आत एका राइडपाशी दोन वाटा दिसतात. एका वाटेच्या तोंडाशी ‘९० मिनिटे’ असा फलक आहे. दुसऱ्या वाटेने माणसे जवळजवळ न थांबता आत चालली आहेत. सात वर्षांचा नातू विचारतो, “आजोबा, आपण त्या बाजूने का नाही जायचं?”

उत्तर सोपे आहे. त्या बाजूचे पैसे वेगळे पडतात. पण इतके सोपे उत्तरही मुलाला देताना जीभ जरा अडखळते. ती का अडखळते, याचे आज आपण चिंतन करू.

ही दुसरी वाट पूर्वी विकत घ्यावी लागत नव्हती. डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ सुरू केला तेव्हा प्रवेशाचे तिकीट असलेल्या कोणालाही यंत्रातून एक चिठ्ठी मिळे. तिच्यावर वेळ छापलेली असे. त्या वेळी परत या आणि थोडक्यात आत जा. ज्याच्याकडे तिकीट, त्याला चिठ्ठीचा हक्क. २०२० मध्ये महामारीमुळे उद्याने बंद झाली आणि पुन्हा उघडली तेव्हा ही सोय परत आली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात तिच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलर घेणारी सोय आली. सर्वांत लोकप्रिय राइडसाठी वेगळे पैसे ठेवले गेले. पुढे गर्दीच्या दिवशी जास्त दर, अशी पद्धत सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘लाइटनिंग लेन प्रीमियर पास’ आला. त्याचा सुरुवातीचा दर फ्लोरिडात एका उद्यानासाठी, एका दिवसासाठी, माणशी १२९ ते ४४९ डॉलर होता. प्रवेशाचे तिकीट वेगळे. सर्वांत वरचा दर लागला तर चौघांच्या कुटुंबाला १,७९६ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दीड लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडेही बेंगळुरू, कोची, हैदराबादच्या वंडरलामध्ये ‘फास्टट्रॅक’ तिकीट मिळते. आकडे लहान आहेत, पण वाटा दोनच.

आता शांतपणे पाहू या, की या पासात नेमके विकले काय जाते?

वाटते की वेग विकला जातो. पण राइडचा वेग तर तोच राहतो. समजा, एखाद्या राइडमध्ये तासाला हजार माणसे बसू शकतात. पास कितीही विकले तरी ती संख्या हजारच राहणार; पैसे भरले म्हणून एकही नवी बोट पाण्यात उतरत नाही. दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. तो पासच्या वाटेतले बरेच जण सोडतो, मग साध्या रांगेतले थोडे, मग पुन्हा पासवाले. साध्या रांगेत कडेवर लेकरू घेऊन उभी असलेली आई प्रत्येक वेळी थोडी मागे जाते. तिची नव्वद मिनिटे शंभर होतात, एकशे दहा होतात. पास घेणाऱ्याने वाचवलेला वेळ कुठून तरी आलेला असतो. तो तिच्याकडून आलेला असतो. पैसे मात्र तिला मिळत नाहीत.

म्हणजे उद्यानाने जे विकले ते त्याचे नव्हतेच.

पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय तिसरे आहे. आपण त्याचा अर्थ ‘चोरी न करणे’ एवढाच घेतो आणि पुढे सरकतो, कारण आपण कोणाचे पाकीट मारत नाही. पण अस्तेयाची व्याप्ती कायद्यापेक्षा मोठी आहे. जे आपले नाही, ज्याच्या मालकाने ते आपल्याला दिलेले नाही, ते घेण्याची इच्छाही न धरणे इथपर्यंत ते जाते. दुसऱ्याचा वेळ ही त्याच्या आयुष्याचीच तुकड्यातुकड्याने मोजलेली रक्कम आहे. ती परत करता येत नाही. पाकीट तरी परत करता येते.

इथे कोणी म्हणेल, की हे जरा अतीच झाले. सगळे नियम फलकावर लिहिलेले असतात, कोणी फसवत नाही, ज्याला परवडते तो घेतो. विमानात पुढची खुर्ची महाग असते, रेल्वेत तत्काळ तिकीट असते. मग तेही स्तेय का? हा आक्षेप रास्त आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. मला स्वतःला एक कसोटी उपयोगी वाटते. माझ्या पैशाने नवी जागा निर्माण झाली, की कोणाची तरी आहे ती जागा मागे गेली? वातानुकूलित डब्याचे जास्त पैसे भरले तर साध्या डब्यातल्या माणसाची गाडी उशिरा पोहोचत नाही. तत्काळचे प्रकरण मधले आहे. तिथे राखून ठेवलेल्या जागा आहेत आणि त्यामागे अडचणीच्या प्रवासाची सोय करण्याचा हेतू आहे. दलालांनी त्याचे काय केले हा वेगळा विषय. रांग ओलांडण्याचा पास मात्र या कसोटीला सरळ सरळ उतरत नाही.

आणि त्यात आणखी एक खोच आहे. पासाची किंमत साध्या रांगेच्या लांबीवर अवलंबून असते. रांग दहा मिनिटांचीच असेल तर पास कोण घेईल? रांग जितकी लांब, उन्हातली, कंटाळवाणी, तितका पास मौल्यवान. मग रांग आणि सुटका दोन्ही एकाच्याच हातात असतील, तर रांग आखूड करण्याची तळमळ त्याला कुठून येणार? मी कोणाच्या हेतूवर आरोप करत नाही. पण ज्या व्यवस्थेत एकाच्या त्रासातून दुसऱ्या वस्तूची किंमत वाढते, तिथे चांगल्या माणसांचेही लक्ष हळूहळू त्रासावरून उडते. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांनी ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ हे पुस्तक २०१२ मध्ये लिहिले. पैशाने काय विकत घेऊ नये, या विषयावरच्या त्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण रांग मोडण्यावर आहे. अमेरिकेतही हा प्रश्न टोचतो, हे त्यावरून कळते.

पास घेणाऱ्या आई-वडिलांना लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांचा विचार करा. वर्षातून दोन आठवडे सुट्टी, त्यातले तीन दिवस इथे, मुलगा पुढच्या वर्षी एवढा लहान राहणार नाही. मूल निराश होऊन परत जाईल, ही भीती असते. ती प्रेमातून येते, म्हणून तिच्यापुढे हिशेब टिकत नाही. दर वाढत जातात ते याच भीतीच्या आधाराने. त्यात गंमत अशी, की पास घेऊनही निवांतपणा मिळत नाही. कोणत्या राइडची कोणती वेळ धरायची, हे अगोदरच्या दिवसांपासून फोनवर ठरवावे लागते आणि दिवसभर पडद्याकडे बघत राहावे लागते. पायांचे थांबणे कमी झाले. मन मात्र पुढच्याच राइडच्या रांगेत उभे राहिले.

अशा वेळी पास घेतला म्हणून कोणी पापी ठरत नाही. एवढेच करावे, की नातवाला सांगताना गोड खोटे बोलू नये. ‘आपण स्पेशल आहोत म्हणून’ असे तर मुळीच सांगू नये. ‘या बाजूने जायचे वेगळे पैसे पडतात, आणि आपण गेलो की त्या बाजूचे लोक थोडे जास्त थांबतात’ हे सात वर्षांच्या मुलाला नीट कळते. ते ऐकून तो काय म्हणतो, तेही ऐकून घ्यावे. मुलांना न्याय लवकर कळतो.

रांगेत पुढे जाण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. रेशनच्या, दवाखान्याच्या, एस.टी.च्या रांगेत कोणी म्हातारी आली की पुढचा माणूस म्हणतो, “आजी, तुम्ही व्हा पुढं.” तेव्हाही मागचे सगळे दोन मिनिटे जास्त थांबतात, पण कोणी कुरकुरत नाही. घड्याळाच्या हिशेबाने दोन्ही प्रसंग सारखेच आहेत, तरी एकात मन जळते आणि दुसऱ्यात मोठे होते. कारण आजींना वेळ दिला तो रांगेने, आणि रांगच त्या वेळेची मालक होती. दान देण्याचा अधिकार तिचाच होता. तोच वेळ तिसऱ्याने विकला की दानाची जागाच राहत नाही. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी रांग स्वतःहून वाकते. ज्याला ऐपत आहे त्याच्यासाठी तिला वाकवले जाते. गरजेच्या सोयीलाही पैसा सोडत नाही. अपंगांना मिळणाऱ्या सवलतीचा फायदा घेण्यासाठी काही श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये अमेरिकेत आल्या. त्याच वर्षी डिस्नेने ती पद्धत बदलली, आणि २०२४ मध्ये नवे नियम आणखी कडक केले. ज्यांना खरोखर उभे राहता येत नाही, त्यांना आता आपली गरज सिद्ध करत बसावे लागते.

इथवर वाचून आपल्याला वाटले असेल, की ही सगळी परदेशातल्या करमणुकीची गोष्ट. करमणुकीच्या रांगेत मागे राहिलो तर फार तर एक राइड चुकते. पण तीच दोन वाटांची रचना आपल्या देवळांच्या दारातही आहे, आणि तिथे हा प्रश्न जास्त खोल जातो. तिरुपतीला सर्वदर्शन विनामूल्य आहे आणि ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शनही आहे. त्याहून मोठ्या देणगीला त्याहून जवळची वाट आहे. देवळांतल्या अशा व्हीआयपी दर्शनाच्या शुल्काविरुद्धची याचिका ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कोणाला विशेष वागणूक असू नये, असे मत न्यायालयाने व्यक्त केले, पण निर्णय समाजाने आणि मंदिर व्यवस्थापनाने घ्यायचा आहे, असे सांगितले. म्हणजे चेंडू परत आपल्याकडेच आला आहे.

देवस्थाने सांगतात, की हा पैसा अन्नदानाला, दवाखान्यांना जातो. पुष्कळ ठिकाणी ते खरे आहे आणि ते काम मोठे आहे. पण देणगी घेण्यासाठी रांगेतली जागा परत द्यावीच लागते का? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान त्यात सात्त्विक मानले आहे. दर्शनाची पावती हातात ठेवून घेतलेला पैसा कोणत्या प्रकारात बसतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. निदान त्याला ‘दान’ न म्हणता ‘शुल्क’ म्हणावे, म्हणजे हिशेब तरी स्वच्छ राहील.

पंढरपूरची एक प्रथा मला या बाबतीत फार मोलाची वाटते. आषाढी एकादशीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात, आणि त्यांच्या शेजारी ‘मानाचे वारकरी’ म्हणून एक जोडपे असते. ते जोडपे दर्शनबारीतून निवडले जाते. तासन् तास रांगेत उभे असलेले शेतकरी नवरा-बायको थेट गाभाऱ्यात जातात. थांबणे हीच त्यांची पात्रता ठरते. राज्यातला सर्वांत मोठा मान विकत मिळत नाही, तो रांगेत उभ्या असलेल्याला मिळतो, हे दर वर्षी लाखो लोक पाहतात. वर्षाच्या उरलेल्या दिवशीही हेच चित्र असते असे म्हणता येणार नाही, पण निदान त्या पहाटे तरी रांगेची किंमत उलटी होते.

आणि त्याच देवळात अशी माणसे होती, ज्यांना या रांगेत उभेही राहता येत नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर आहे. मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. आज सर्वांसाठी एकच असलेली ती बारी अशी मिळवलेली आहे. तिच्या शेजारी पैशाची दुसरी बारी काढताना हे आठवले पाहिजे.

आपल्या केंद्रांकडे येऊ. शिबिरात आपण पंगतीला बसतो, वाढणारे सेवेकरी शेवटी जेवतात. तिथे आपले ठीक आहे. पण मोठ्या उत्सवाच्या आसनव्यवस्थेचे काय? पहिल्या ओळी कोणासाठी राखायच्या, पास कोणाला पाठवायचे, ही चर्चा प्रत्येक नियोजनाच्या बैठकीत होते आणि बहुधा देणगीदारांच्या यादीपासून सुरू होते. पुढच्या वेळी यादी दुसरीकडून सुरू करून पाहा. ज्यांना कमी ऐकू येते ते, ज्यांना खाली बसता येत नाही ते, तान्हे मूल घेऊन आलेल्या माता. यांची सोय झाल्यावर किती ओळी उरतात ते मोजा आणि त्या आल्या क्रमाने भरा. देणगीदारांना हे कोण सांगणार, असे कोणीतरी विचारेलच. त्यांनाच आधी विचारा. आजवर पुढे बसवले म्हणून बसलेले त्यांच्यात बरेच असतात, आणि एखाद्या आजींसाठी उठायला सांगितले तर ते आनंदाने उठतील.