मुदतीचा त्याग

एखाद्या कर्मात माणूस इतका पारंगत व्हावा की त्या कर्माचा उल्लेख केल्यावाचून त्याचा परिचयच देता येऊ नये, आणि नेमके त्याच वेळी त्याने ते कर्म खाली ठेवावे, परंतु कायमचे सोडले असे म्हणू नये आणि चालू आहे असेही म्हणू नये, तर या मधल्या अवस्थेला धर्मविचारात कोणते स्थान द्यावे? बर्फावरील युगुलनृत्यात, म्हणजे ज्याला आइस डान्स म्हणतात त्या क्रीडाप्रकारात, जगज्जेत्या ठरलेल्या काही जोड्यांची चरित्रे वाचताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. प्रवृत्ती आणि निवृत्ती या दोन मार्गांचा ऊहापोह आपल्याकडे शतकानुशतके झाला. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते याच वादात कर्मयोगाच्या बाजूने कौल देण्यासाठी. त्या साऱ्या चर्चेत कर्म करणारा भेटतो आणि कर्म सोडणाराही भेटतो. पण काही मुदतीपुरता थांबलेला, आपण परतणार की नाही हे स्वतःलाही ठाऊक नसलेला मनुष्य तिच्यात क्वचितच दिसतो.

टेसा व्हर्चू आणि स्कॉट मॉयर ही कॅनडाची जोडी अशा थांबलेल्यांपैकी होती. ऑंटारियो प्रांतातील इल्डरटन या लहानशा गावी १९९७ साली, ती ७ वर्षांची व तो ९ वर्षांचा असताना, मॉयर कुटुंबातल्याच एका प्रशिक्षक बाईंनी त्यांचे हात एकमेकांच्या हाती दिले. २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. उत्तर अमेरिकेतील कोणत्याही जोडीला या प्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण होय. चार वर्षांनी सोची येथे मात्र मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने त्यांना मागे टाकले. या दोन्ही जोड्या मिशिगनमधील कँटन येथे एकाच गुरूपाशी, मरीना झुएवा यांच्यापाशी, वर्षानुवर्षे शिकत होत्या. सोचीनंतर दोघींनीही स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि दोघींनीही तत्काळ निवृत्तीची घोषणा केली नाही. पुढे २०१७ साली डेव्हिस आणि व्हाइट यांनी आपण परतणार नाही असे जाहीर केले. व्हर्चू आणि मॉयर यांनी त्याच्या एक वर्ष आधी, २०१६च्या फेब्रुवारीत, आपण परत येत आहोत असे सांगितले. प्रश्न एक, त्याला लाभलेला अवकाश एक, आणि उत्तरे दोन.

असा विराम या कलेत किती महाग पडतो हे समजून घेतल्यावाचून त्याचे नैतिक वजन कळणार नाही. स्केटच्या पात्याला मधून खोबण असते आणि त्या खोबणीच्या दोन बाजूंना दोन कडा असतात, एक आतली व एक बाहेरची. सारे कौशल्य त्यांपैकी एकाच कडेवर देहाचा भार झोकून, वेग न गमावता, जोडीदाराच्या अगदी निकट राहून वळणे घेण्यात आहे. युग्म स्केटिंग या वेगळ्या क्रीडाप्रकारात असतात तशा हवेत भिरकावण्याच्या किंवा अनेक गिरक्यांच्या उड्या इथे नाहीत. उचलण्याच्या क्रियेलाही सेकंदांची मर्यादा आहे. सारांश, डोळ्यांत भरणारा पराक्रम नियमांनी वर्ज्यच केला आहे, आणि जे उरते ते इतके सूक्ष्म आहे की रोजच्या सरावात खंड पडला तर प्रेक्षकाला काही कळण्यापूर्वी परीक्षकाला व परीक्षकालाही कळण्यापूर्वी स्वतःच्या घोट्याला ते जाणवते. शिवाय जग थांबत नाही. २०१४च्या जागतिक स्पर्धेत तेराव्या क्रमांकावर राहिलेली गाब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेरॉन ही फ्रेंच जोडी पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली, आणि २०१६ सालीही ते पद तिच्याकडेच राहिले. व्हर्चू आणि मॉयर ज्या दोन वर्षांत बाजूला उभे होते त्याच दोन वर्षांत त्यांच्या कलेची परिभाषा दुसऱ्या कोणी बदलून टाकली होती.

आता गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे वळतो, कारण त्यागाची इतकी बारकाईने केलेली छाननी मला अन्यत्र आढळली नाही. मोहाने कर्म टाकणे हा तामस त्याग; देहाला क्लेश होतील या भयाने टाकणे हा राजस, आणि त्याचे फळ मिळत नाही; कर्तव्य म्हणून कर्म करीत राहून आसक्ती आणि फळ यांचा त्याग करणे हा सात्त्विक. या कसोटीवर स्पर्धेतून घेतलेला विराम प्रथमदर्शनी राजस ठरतो. व्हर्चू हिच्या पायांचे दुखणे जुने होते. २००८ साली व पुन्हा २०१० साली तिला नडगीच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. पराभवाचा सल आणि देहाची शिणवट यांमुळे घेतलेली रजा, असा निर्णय कोणीही देईल, आणि देहाला भोगावे लागलेले पाहता तो अन्यायाचा आहे असेही मी म्हणणार नाही. पण या निर्णयात एक गोष्ट निसटते. या जोड्या स्पर्धा सोडतात, बर्फ सोडत नाहीत. त्या काळातही व्हर्चू आणि मॉयर प्रेक्षकांपुढे नाचत होते, प्रवास करीत होते. सोडला होता तो फक्त तराजू. परीक्षकांच्या रांगेसमोर उभे राहून दशांश-शतांशांत आपले मोल ऐकण्याची जी वहिवाट बालपणापासून अंगवळणी पडली होती ती त्यांनी तहकूब केली. कर्म राहिले आणि ज्या विशिष्ट रूपात फळ येत असे ते रूप गेले. गीतेने सांगितलेल्या फलत्यागाचे इतके मूर्त, इतके पाहता येण्याजोगे दुसरे उदाहरण आधुनिक जीवनात मला सापडत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. टाळ्या हेही फळच. द्रव्य हेही फळच. आकडे गेले आणि कौतुक राहिले तर त्याग कसला? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच अशा विरामाला सात्त्विक त्याग म्हणण्याचे धाडस करीत नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. जो अखंड स्पर्धा करीत राहतो त्याला आपण नृत्यावर प्रेम करतो की क्रमांकावर, हे कळण्याचा मार्गच नसतो, कारण दोन्ही त्याला नेहमी एकत्रच मिळालेले असतात. जो कायमचा निवृत्त होतो त्याला ते कळले तरी त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची वेळ निघून गेलेली असते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहण्याची संधी मुदतीने थांबणाऱ्यालाच मिळते, आणि तीही तो कोणत्याही उत्तराला सामोरा जायला तयार असेल तरच. आपल्या आश्रमव्यवस्थेत वानप्रस्थ आपला अग्नी बरोबर घेऊन वनात जातो. संन्यासी तो अग्नी आपल्याच ठायी समारोपित करून निघतो. वानप्रस्थाची अवस्था आपल्या विवेचकांनी बहुधा संन्यासाची पायरी म्हणूनच पाहिली. पण अग्नी तेवत ठेवून यज्ञशाळेपासून दूर राहणे ही स्वतंत्र साधना आहे, आणि तिची कठीणता संन्यासाहून निराळी आहे, असे मला वाटते. संन्याशाला निर्णय सावरून धरतो, गृहस्थाला नित्यक्रम सावरून धरतो. मध्ये उभ्या असलेल्याला या दोहोंपैकी एकाचाही आधार नसतो.

परतण्याचा प्रश्न तर याहून बिकट. संन्यासातून मागे फिरणे हा आपल्याकडे केवढा अपराध मानला गेला हे ज्ञानदेवांच्या पित्याच्या कथेत दिसते. विठ्ठलपंतांनी पत्नी रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीस संन्यास घेतला. ते विवाहित असल्याचे कळताच खुद्द गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठवले. आळंदीस त्यांना वाळीत टाकण्यात आले. चार अपत्ये झाली, त्यांतल्या थोरल्याचे नाव त्यांनी निवृत्ती ठेवले. आणि देहान्त प्रायश्चित्तावाचून गत्यंतर नाही असा निवाडा मिळाल्यावर पतिपत्नींनी जळात देह ठेवला, असे परंपरा सांगते. त्या निवाड्याची निर्दयता मला अस्वस्थ करते. तथापि त्यामागचे भय समजण्याजोगे आहे: सोडलेले जर पुन्हा धरता येत असेल तर सोडण्याला किंमत ती काय राहिली?

हेच भय बर्फावरच्या कायद्यातही दीर्घकाळ होते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचे जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन, ती विमा कचेरीतली कारकून आणि तो पोलीस शिपाई, १९८४ साली सारायेवो येथे राव्हेलच्या ‘बोलेरो’वर नाचले आणि कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना पूर्ण ६ गुण दिले. त्यानंतर ते व्यावसायिक झाले, आणि जो व्यावसायिक झाला त्याला हौशी स्पर्धकांच्या मांडवात पुन्हा प्रवेश नाही असा तेव्हाचा दंडक होता. पुढे तो दंडक शिथिल झाला तेव्हा १९९४ साली लिलेहामर येथे ते परतले आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. मला त्या कांस्यापेक्षा सारायेवोतली एक बाब अधिक बोलकी वाटते. नियमाने नृत्याला चार मिनिटे आणि वर दहा सेकंद एवढीच मुभा होती, आणि त्यांचे संगीत कितीही छाटले तरी ४ मिनिटे २८ सेकंदांच्या खाली येईना. काळाची मोजणी स्केटचे पाते बर्फावर चालू लागल्यापासून सुरू होई. म्हणून त्यांनी आरंभीचे १८ सेकंद गुडघ्यांवर बसूनच देह डोलवला. घड्याळाच्या दृष्टीने त्या अवधीत काहीच घडत नव्हते. नृत्याच्या दृष्टीने मात्र पुढच्या सर्व आवेगाचे बीज त्यातच पेरले जात होते. नियमाच्या दप्तरात ज्याची नोंद नाही तो काळ कर्माबाहेरचा असतो असे मानणे, मग ते आळंदीच्या ब्रह्मवृंदाने मानलेले असो की क्रीडासंघटनेने, मला चुकीचे वाटते.

व्हर्चू आणि मॉयर परतले ते जुन्या जागी नव्हे. त्यांनी माँट्रियल गाठले आणि मारी-फ्रान्स दुब्रेय व पात्रिस लोझाँ यांचे शिष्यत्व पत्करले. पापादाकिस आणि सिझेरॉनही तेथेच शिकत होते, म्हणजे ज्यांनी त्यांच्या अनुपस्थितीत सिंहासन घेतले त्यांच्याच शेजारी त्याच बर्फावर हे ऑलिंपिकविजेते पुन्हा विद्यार्थी म्हणून उभे राहिले. २०१६–१७च्या मोसमात ते अपराजित राहिले, आणि २०१८ साली प्याँगचांग येथे २०६.०७ विरुद्ध २०५.२८ अशा गुणांनी सुवर्णपदक त्यांच्याकडे आले. अंतर ०.७९. फळाचा त्याग शिकून आलेल्यांना फळ मिळाले असा गोड निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, पण मी तो काढणार नाही, कारण त्याच स्पर्धेच्या पहिल्या भागात पापादाकिस हिच्या पोशाखाचा मानेजवळचा बंद सुटला होता आणि तरीही ती जोडी न थांबता शेवटपर्यंत नाचली होती; ०.७९ एवढ्याशा अंतराचा आध्यात्मिक अर्थ लावणे हे त्या दोघांवर अन्याय करणे ठरेल. मला महत्त्वाचे वाटते ते पुन्हा शिष्य होणे. आकड्यांची ओढ एवढीच प्रेरणा असती तर जुना ओळखीचा मार्ग अधिक सुरक्षित होता.

मात्र आतापर्यंत मी ‘थांबणारा’ असे एकवचनी बोलत आलो, आणि इथेच या प्रश्नाची खरी गाठ आहे. ऑलिंपिकच्या आइस डान्समध्ये एकट्याला स्थानच नाही. २००८ साली व्हर्चू शस्त्रक्रियेनंतर घरी विश्रांती घेत होती तेव्हा मॉयर वाळूच्या पिशव्या आणि हॉकीच्या काठ्या जोडीदाराच्या जागी धरून सराव करीत होता; हे वाचताना एका देहाचे दुखणे दुसऱ्या देहाला किती पोरके करते हे ध्यानी आले. एकाचा त्याग दुसऱ्यावर सक्ती होऊन बसतो. पत्नीच्या संमतीवाचून घेतलेला संन्यास विठ्ठलपंतांच्या गुरूंना अमान्य झाला तो याच कारणाने; अमान्य करताना त्यांच्यासमोर शास्त्रवचनापेक्षा रुक्मिणीबाई अधिक प्रत्यक्ष होत्या, अशी माझी समजूत आहे.

पापादाकिस आणि सिझेरॉन यांनी २०२२ साली बीजिंगचे सुवर्ण आणि पाचवे जागतिक अजिंक्यपद मिळवून विराम घेतला, त्याची मुदत वाढवली, आणि २०२४च्या डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली. काही महिन्यांतच सिझेरॉन नव्या जोडीदारासह स्पर्धेत उतरणार असे जाहीर झाले. कोणाला यात वचनभंग दिसेल. मला तो दिसत नाही. दोघांनी मिळून घेतलेल्या विरामात दोघांनी आपापल्या मनाला विचारलेला प्रश्न एकच असला तरी उत्तर देणारी मने दोन होती, आणि लहानपणापासून एकाच तालावर पाऊल टाकलेल्या माणसांनीही या एका बाबतीत एकमेकांचे उत्तर उचलू नये हेच अधिक सचोटीचे होय. तिने परतू नये यात तिचा पराजय नाही, त्याने परतावे यात त्याची लालसा सिद्ध होत नाही. आणि ज्या धर्मविचाराला या दोघांनाही एकाच वेळी निर्दोष मानता येत नाही, त्याने निवृत्तीचा प्रांत अजून पुरता मोजलेला नाही.