बापाची कविता कोण ऐकतं?

तेरच्या गोरोबाकाकांची एक गोष्ट कीर्तनात आजही हमखास रंगते. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते बघायला, असं कळताच ती म्हणाली, मग आमचीही पारख होऊन जाऊ द्या. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं. नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, तिथेही दाद लागली नाही, आणि शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी जाऊन बसले.

गोष्ट घडली की रचली, हा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. तिच्यातली मांडणी मात्र खट्याळ आहे. ज्याला कच्चा ठरवलं तो कीर्तनाचा फड गाजवणारा माणूस. ठरवणारा कुंभार, ज्याच्या नावावर आज जेमतेम वीसेक अभंग सापडतात. बोलणाऱ्याची परीक्षा ऐकणाऱ्याने घ्यायची, आणि ऐकणाऱ्याकडे साहित्याची पदवी असण्याची गरज नाही, हे धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावाने आपल्या संताच्या नावावर जपून ठेवलं आहे.

शिकागोत १९८६ साली मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम केलेल्या कवीने काहीसा असाच उद्योग केला. ग्रीन मिल या जुन्या जॅझ क्लबात त्याने दर आठवड्याला कवितांची चुरस लावली. विद्यापीठातल्या संथ काव्यवाचनांना तो कंटाळला होता. या ‘पोएट्री स्लॅम’चे पुढे जे नियम रूढ झाले ते मजेदार आहेत: प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक उचलायचे, त्यांनी दहापैकी गुण द्यायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकायचे. कवीला मिनिटं तीन. हातात वस्तू नको, वाद्य नको, वेशभूषा नको. स्वतःची रचना, स्वतःचा आवाज. तिथून निघालेली ‘स्पोकन वर्ड’ची लाट यूट्यूबवरून मुंबई-पुण्याच्या कॅफेंत पोहोचली. २०१७ साली मुंबईच्या अरण्या जोहरची रंग आणि बाईपण यांवरची इंग्रजी कविता लाखोंनी पाहिली, आणि ‘मी कोण’ हे माईकसमोर उभं राहून सांगणं हा तरुणांचा छंद झाला.

ही लाट नवी आहे, हे खरं. पण ‘मी’ नवा नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यात तोंडी कवितेतला ‘मी’ कधीपासून बोलतो आहे. बदलला आहे तो समोर बसलेला माणूस.

अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा पाहा. कागद दुर्मीळ, रचना तोंडातोंडी फिरणार, तेव्हा मालकी सांगायची तर नाव ओळीतच ओवलं पाहिजे. गोरोबा तिथे नुसतं नाव घालत नाहीत, ‘कुंभार’ही घालतात. मातीत हात घालणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, असा आग्रह त्यात आहे. आजचा तरुण कवी माईकवर येऊन आधी गाव, जात, घरची परिस्थिती सांगतो, त्याला काही जण नाकं मुरडतात. सातशे वर्षांपूर्वीची ही सवय त्यांना संतांच्या बाबतीत मात्र गोड वाटते.

तुळजापुरात हे आणखी ठसठशीत दिसतं. कवड्यांची माळ गळ्यात, परडी हातात, अशा आराधिनी देवीपुढे गातात तेव्हा गाण्यात पुराण असतं तसं घरही असतं: नवस, आजारपण, सासर, मूलबाळ. देवीशी बोलता बोलता बाई गावासमोर आपलं गाऱ्हाणं मांडून मोकळी होते. गोंधळाची रीत वेगळी. कदमराई गोंधळी संबळ-तुणतुण्यावर, दिवटीच्या उजेडात एकेका दैवताला आवतण देतो, मग आख्यान लावतो. समोर यजमानाचं अख्खं घर बसलेलं. आवतणात कुळातलं एखादं दैवत राहून गेलं, तर घरातली म्हातारी माणसं तिथल्या तिथे बोलतात. गोंधळ्याला ते मान्य करावं लागतं. श्रोता असा अडवणारा असला की गाणारा थापा मारू शकत नाही.

जात्यावर तर श्रोता खुंट्याच्या दुसऱ्या बाजूलाच बसलेला. जाऊ, नणंद, शेजारीण. माहेरचं कौतुक फार झालं तर पुढची ओवी तिच्या तोंडून यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभर ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली; २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. या संग्रहात देव, भाऊ, पाऊस तर आहेतच, पण शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पहाटेचं दळण आणि राजकीय भान एकाच दमात. ‘वैयक्तिक ते राजकीय’ हे पुस्तकातून शिकलेल्यांनी या ओव्या जरूर ऐकाव्यात.

पुरुषांचा ‘मी’ मात्र बराच काळ ‘आम्ही’ होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१मध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. गावकीची कामं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधली होती, त्यांची ही परिषद. आंबेडकरी चळवळीला तोवर जलशांची जोड मिळालेली होती आणि जलशातलं दुःख एका माणसाचं नसायचं; ते वस्तीचं असायचं, म्हणून वस्तीच त्याची साक्षीदार. शेजारच्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांसोबत उभे राहिले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं दणाणून सोडली. त्या आवाजात कामगार होता, मराठी माणूस होता. घरातला अमर शेख त्यात शोधू नये.

त्यांच्या मुलीने, मलिका अमर शेख यांनी, नेमकं उलटं केलं. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात त्यांनी नामदेव ढसाळांबरोबरच्या संसाराचं उघड, बोचरं वर्णन केलं. मैदानी आवाजाच्या घरातून आलेल्या बाईला आपलं सांगायला पुस्तक जवळ करावं लागलं, ही गोष्ट साधी नाही. फडावर बाई नाचत होती, जात्यावर गात होती. पण देवीचं निमित्त न करता चारचौघांत उभं राहून ‘हे माझ्यासोबत झालं’ म्हणायला तिला व्यासपीठ नव्हतं. म्हणून आजच्या माईकबद्दल कितीही कुरकुर केली तरी एक मान्य करायला हवं: परंडा किंवा उमरग्यातली एखादी मुलगी कॉलेजच्या कार्यक्रमात स्वतःच्या अंगावर आलेला प्रसंग स्वतःच्या तोंडाने सांगते, हे या जिल्ह्याच्या काव्यपरंपरेत खरोखर नवीन आहे. त्यापुढे तिची यमकं जुळली का, हा प्रश्न किरकोळ.

आता कुरकुर.

जानेवारी २०२०मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर. अशा संमेलनांत मुख्य मंडपाबाहेरचा कवीकट्टा हाच खरा धबडग्याचा भाग असतो. नाव पुकारलं की कवीने धावत यायचं, दोन-तीन मिनिटांत कविता म्हणायची, टाळ्या घेऊन उतरायचं. मार्क स्मिथला आवडली असती अशी जागा. मराठवाड्यातल्या कट्ट्यांवर, गॅदरिंगमध्ये, युवक महोत्सवांत थोडा वेळ बसलं की एक कविता पुन्हा पुन्हा भेटते. तिच्यात बाप असतो, कोरडं रान असतं, सावकार किंवा बँक असते, आणि शेवटच्या कडव्यात दोर असतो. बाप घरी धडधाकट असला तरी मुलगा कवितेत त्याला फास लावून मोकळा होतो, कारण टाळी तिथेच पडते.

शेतकरी आत्महत्या हा या जिल्ह्याचा खोटा विषय नव्हे. दुष्काळाने आणि कर्जाने इथली घरं खरोखर मोडली आहेत, आणि ज्यांचं घर मोडलं त्यांच्या शब्दांना कुणी वजनकाटा लावू नये. प्रश्न उरलेल्यांचा आहे. दुःखाचा साचा तयार झाला की खरं दुःखही त्याच साच्यातून बाहेर पडतं, आणि मग ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारी भागात पत्रकार, अभ्यासक, संस्था यांची रीघ लागली होती. आपत्तीत वाचलेल्या माणसाला तीच हकीगत दहा जणांना सांगावी लागते तेव्हा ती घोटीव होत जाते. ऐकणाऱ्याचे डोळे कुठे भरतात ते सांगणाऱ्याला कळू लागतं. यात लबाडी नाही. पण पाहुण्यासाठी सांगणं आणि भावकीत सांगणं यांत फरक पडतो. भावकीत कुणीतरी म्हणतं, ‘तसं नव्हतं रे, तवा तू माळवदावर होतास.’

मोबाइलच्या पडद्यावर असं म्हणणारा कुणी नाही. तिथला श्रोता अनोळखी आणि घाईत असलेला. त्याला पटायला हवं पहिल्या दहा सेकंदांत, म्हणून कविता आवाज चढवूनच सुरू होते. व्हायोलिन मागे आधीपासूनच रडत असतं. शिकागोच्या नियमात वाद्याला बंदी का होती, ते अशा वेळी कळतं.

आणि बोली? घरी ‘काय करायलास’ म्हणणारा मुलगा व्यासपीठावर पुस्तकी मराठीत ‘काय करीत आहेस’वर येतो, किंवा उलट, टाळीसाठी बोली इतकी गडद करतो की गावातलाच माणूस चकित व्हावा. दोन्हींत श्रोता गावाबाहेरचा धरलेला असतो. विदर्भात अमरावतीचा १०० आरबीएच रॅपमध्ये वऱ्हाडी आणतो तेव्हा ती सजावट वाटत नाही, कारण शब्दांना तालात बसवण्याची गरजच त्या बोलीतून भागते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने आरे जंगलाच्या लढ्यावर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, त्यात आदिवासींबद्दल नुसतं बोलण्याऐवजी तिथेच राहणाऱ्या प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला. ज्याच्याविषयी गाणं आहे तोच गाण्यात बसला की बाकीच्यांना शब्द सांभाळून वापरावे लागतात.

ज्याच्यावर कविता आहे त्याला समोर बसवणं धाराशिवच्या कॉलेजांना जमवायचं तर अडचण साहित्यिक नाही, कॅलेंडरची आहे. गॅदरिंग आणि महोत्सव दिवाळीनंतर, हिवाळ्यात. नेमक्या त्याच काळात भूम, वाशी, कळंबच्या गावांतून माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली असतात, थेट कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात, ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे ज्या आईबापांवर कविता म्हटली जाते ते सभागृहात नसतातच. समोर असतात प्राध्यापक, पाहुणे आणि वर्गमित्र, ज्यांच्यातल्या कुणाला दुरुस्ती करता येणार नाही. चैत्रात तेरला गोरोबांच्या पुण्यतिथीची यात्रा भरते, तेव्हा तोडकरी घरी परतायला लागलेले असतात. कवीकट्टा तिथे मांडला तर श्रोत्यांत बाप सापडण्याची शक्यता बरीच वाढेल. तोवर, ज्या मोबाइलला वर बोल लावले, तोच कामाचा. कविता आधी रील म्हणून न टाकता उसाच्या फडावरच्या कोपीत आईला पाठवता येते. तिकडून उलट निरोप आला, की तोडीआधी आगाऊ घेतलेली उचल तू म्हणतोस तेवढी नव्हती, त्याहून जास्त होती आणि ती बापाने नाही, मी घेतली होती, तर दुसरं कडवं पुन्हा लिहायला घ्यावं लागेल.