फुटलेले पेले व मुलाचें मन

लहान मुलाला पाप केव्हां कळूं लागतें, हा प्रश्न ख्रिस्ती आईबापांस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस वारंवार पडतो. स्वित्झर्लंड देशांतील झां पियाजे (१८९६–१९८०) या विद्वानानें मुलांशींच बोलून याचा शोध केला, व १९३२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

तो मुलांस दोन गोष्टी सांगे. एका मुलाला जेवावयास हांक मारिली. त्यानें दार लोटलें, तों मागें ठेविलेले १५ पेले फुटले. ते तेथें आहेत हें त्यास ठाऊक नव्हतें. दुसरा मुलगा, आई घरीं नसतां, मुरंबा चोरावयास खुर्चीवर चढला, व त्याच्या हातून एकच पेला फुटला. अधिक वाईट कोण? सहासात वर्षांचीं पुष्कळ मुलें म्हणत, पंधरा फोडणारा. नऊदहा वर्षांचीं बहुधा म्हणत, चोरावयास गेलेला. लहानाला नुकसान दिसतें. हेतु दिसावयास वेळ लागतो. तथापि पुढील संशोधकांस असें आढळलें कीं, हेतु स्पष्ट करून सांगितल्यास तीनचार वर्षांचें मूलहि तो कांहीं अंशीं ध्यानांत घेतें. म्हणजे बीं आहे. त्यास पाणी घालणारा पाहिजे.

आतां आपण आपलें घर पाहूं. विहिरीहून येतांना पाय घसरून मुलीची घागर फुटली, तर तिला मार बसतो. तीच मुलगी शेजारणीविषयीं खोटें बोलली, व त्यांत आपलें कांहीं बुडालें नाहीं, तर आपण हंसून सोडून देतों. तर मग येथें सहा वर्षांचें मूल कोण? मडकें मोलाचें व सत्य फुकटचें, हा धडा आपणच त्या लेकरास देतों.

कोणी म्हणेल, मग मुलांस शिक्षाच नको काय? तसें नव्हे. निष्काळजीपणाबद्दल ताकीद द्यावीच. परंतु हात उगारण्यापूर्वी, “बाळ, तुझ्या मनांत काय होतें?” असें विचारावें, व उत्तर शेवटपर्यंत ऐकावें. अशा विचारण्यानेंच मूल आपलें मन पाहावयास शिकतें.

मंदिराच्या भांडारासमोर बसून प्रभूनें धनवानांच्या पैशांची रास थोर मानिली नाहीं. विधवेच्या दोन टोल्या अधिक मानिल्या (मार्क १२). आपला न्याय अंतःकरण पाहून व्हावा, अशी आशा आपण सर्व धरितों. तोच न्याय आपल्या लेकरास आपल्या हातून मिळतो काय?