लयीचे स्वामित्व

लय ही गाणाऱ्याची की मोजणाऱ्याची, हा प्रश्न वरकरणी केवळ संगीतज्ञांचा वाटेल. परंतु आरती, भजन व कीर्तन ही ज्या समाजाची नित्याची उपासना आहे, त्या समाजाला तो टाळता येणार नाही. आमच्या वडीलधाऱ्यांचे गायन जुन्या ध्वनिफितींवरून संगणकात उतरवून घेण्याची खटपट आज अनेक हौशी मंडळी करीत असतात. हे काम करताना एक निवड करावी लागते, आणि ती बहुधा नकळत केली जाते. त्या निवडीचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

संगीताचे सॉफ्टवेअर कालाची मोजणी दोन प्रकारांनी करते. एक मोजणी घड्याळाची, म्हणजे मिनिटे व सेकंद यांची, दुसरी मात्रांची. मात्रांची गती आरंभी यंत्रच गृहीत धरते. पुष्कळदा ती मिनिटाला 120 मात्रा अशी असते आणि तिच्या हिशेबाने पडद्यावर उभ्या रेघा आखलेल्या दिसतात. बाहेरून आणलेले गायन घड्याळाच्या काळाशी बांधले, तर यंत्राची गती कितीही बदलली तरी ते जसेच्या तसे राहते. तेच मात्रांशी बांधले, तर गती बदलताच गायनही ताणले वा आवळले जाते. पूर्वी फितीचा वेग वाढविला की स्वरही चढत असे, आणि लबाडी कानांस तत्काळ कळे. संगणक मात्र ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे करून ते नव्याने जुळवितो. पट्टी तीच राहते आणि गती तेवढी बदलते. इतकेच नव्हे, तर एकेक ठोका उचलून तो जवळच्या रेघेवर नेमका बसविता येतो. काम बेताचे असेल तर ऐकणाऱ्यास काही झाल्याचा संशयही येत नाही. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो येथेच.

आमच्या गोव्यातील घुमट आरतीचे उदाहरण घेऊ. चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ व कांसाळे यांच्या साथीने आरती सुरू होते ती संथपणे. गाणारे रंगू लागतात, वाजविणाऱ्यांचे हात मोकळे होतात, आणि लय हळूहळू चढत जाते. अशा आरतीचे मुद्रण यंत्राच्या एकाच गतीवर बसविले, तर शब्द राहतील, चाल राहील, वाद्येही राहतील. पण सर्वांनी मिळून चढलेली ती चढण मात्र सपाट होईल. आलापाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त निबद्ध व अनिबद्ध असा भेद सांगितला. आलाप हा अनिबद्ध, म्हणजे तालाच्या बंधनाबाहेरचा. त्याच्यावर मात्रांच्या रेघा ओढणे म्हणजे ओढ्याच्या पाण्याला कुंपण घालण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल की, मनुष्याची लय डळमळते, यंत्र ती सुधारते; मग यात अधर्म कोणता? हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. नवशिक्या मुलास स्थिर ठोक्याचा आधार हितकारकच असतो. दोन गावी राहणाऱ्या कलावंतांस एकच रचना वेगवेगळी मुद्रित करून जोडावयाची असेल, तर ठरलेल्या गतीवाचून त्यांचे चालणार नाही. परंतु डळमळणे वेगळे आणि चढणे वेगळे. ज्याला सम ठाऊक आहे तो लय वाढवूनही समेवर येतो. ज्याला ठाऊक नाही त्याची सम संथ लयीतही चुकते. हा भेद कान ओळखतो. रेघांच्या जाळीला मात्र दोन्ही सारखेच दोष दिसतात. शिवाय काटेकोर मोजणी ही काही यंत्राची मिरास नव्हे. ‘लयभास्कर’ म्हणून गौरविले गेलेले गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर हाता-पायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांचे गणित कोणाहून उणे नव्हते. ते गणित त्यांच्या स्वतःच्या अंगात होते, एवढाच फरक.

यंत्रापुढे कलेने मान तुकविल्याचे हे पहिलेच उदाहरण, असेही आम्ही म्हणत नाही. 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांनी ध्वनिमुद्रिकांसाठी गायन केले, तेव्हा घटकान्‌घटका चालणारे गाणे सुमारे तीन मिनिटांत आवरावे लागत असे. पण तेथे काय ठेवावे व काय गाळावे हे गाणारीने स्वतः ठरविले. यंत्राची अट तिच्यासमोर होती आणि तिने ती जाणून पत्करली. आज मुद्रण होऊन गेल्यावर, गाणारा दूर असताना किंवा या जगात नसताना, त्याचा कंठ वळविला जातो. त्याची संमती कोणी विचारत नाही, आणि नाव मात्र त्याचेच राहते. ज्या लयीत तो कधी गायलाच नाही, ती लय त्याच्या नावावर जमा होते. आमच्या मते मूळ दोष गती बदलण्यात नाही, तर हा बदल झाकून ठेवण्यात आहे.

म्हणून कर्तव्य कठीण नाही. मूळ मुद्रण घड्याळाच्या काळाशी बांधून अस्पर्श ठेवावे. मात्रा मोजावयाच्याच असतील, तर कानाने एकेक सम टिपून यंत्राच्या रेघाच गायनाप्रमाणे हलवाव्यात. सॉफ्टवेअरमध्ये तशीही सोय असते. ती कष्टाची आहे, पण तीत सेवक कोण व स्वामी कोण हे उलटत नाही. शिकविण्यासाठी गती कमी केलेली प्रत वेगळी करावी, आणि तिच्यावर तसे स्वच्छ लिहावे.

हा आग्रह आम्ही गतकाळाच्या मोहाने धरीत नाही. ज्या मुलांनी आजोबांच्या पिढीला देवापुढे गाताना ऐकले नाही, त्यांचा गुरू यापुढे हे मुद्रणच होणार आहे. त्यात सपाट केलेली लय भरली असेल, तर तीच परंपरा म्हणून ती मुले निष्ठेने गातील, आणि आपण काय गमावले हे त्यांस सांगणारा कोणी उरलेला नसेल.