हाकेला ओ कोणाची?

नवतपा, म्हणजे कडक उन्हाळ्याचे नऊ दिवस, चालू होता. जरीपटक्यातील आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझी ८२ वर्षांची आई निजते. नागपुरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा त्या खोलीच्या भिंतींना नुसता हात लावला तरी चटका बसतो, आणि नेमक्या अशाच एका दुपारी अडीचच्या सुमारास तेथील एसी बंद पडला. मी एका दुकानाला फोन केला, तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. आवाज स्त्रीचा, मधुर, किंचितही न दमलेला होता. त्याने नाव, पत्ता आणि बिघाडाचे स्वरूप विचारून घेतले, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते एक ही वेळ मुक्रर केली, आणि मी फोन ठेवतो न ठेवतो तोच तक्रारीचा क्रमांक संदेशाने हाती आला. दुसऱ्या दिवशी एक वाजून गेला तरी कोणी फिरकले नाही. पुन्हा फोन केला तेव्हा त्याच मधुर आवाजाने झालेल्या तसदीबद्दल क्षमा मागितली आणि पुढची तारीख दिली.

उकाड्याने झालो नसेन इतका मी त्या क्षमायाचनेने अस्वस्थ झालो. क्षमा मागितली ती कोणी? तो आवाज तर यंत्राचा. ज्याला चूक घडल्याचे दुःख होऊ शकत नाही त्याच्या मुखातून आलेला तो शब्द मी कोणाच्या खाती जमा धरावा?

आपल्याकडे हाकेला ओ देणे ही नुसत्या कंठाची क्रिया मानलेली नाही. ज्याने ओ दिली तो बांधला गेला. ऐकू येऊनही ओ न देणारा जेवढा दोषी, त्याहून ओ देऊन न येणारा अधिक दोषी, असा आपला लोकव्यवहार आहे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते तो आप्ताचा असेल तरच. आणि आप्त कोण, तर ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले, ही त्याच्या बुद्धीची उदारता मला नेहमी थोर वाटत आली आहे. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग, आणि या दोन अर्थांत मला फारसे अंतर दिसत नाही.

कारण त्या दिवशी अखेर मी आमच्या जुन्या कूलरवाल्या मिस्त्रीला फोन केला, ज्याच्या तळहातांना मार्चपासून वाळ्याच्या काड्या चिकटलेल्या असतात आणि जो आता एसीचेही काम करतो. पहिल्या तीन वेळा त्याने फोन उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि वेळेआधी माणसाची चौकशी केली. "काका, आजी वरतेच आहे का? मी मानकापूरले आहो, पाच वाजेपर्यंत येतो. तोवर आजीले खालच्या खोलीत आणा, अन् खिडकीले ओली चादर लावा." तो साडेसहाला आला, पण उशीर होणार हे त्याने पाचाच्या आधी कळवले होते. आई वर निजते हे त्याला ठाऊक होते, आणि तिला ऊन बाधू नये अशी त्याची इच्छा होती. आप्तत्वाची दोन्ही अंगे त्याच्या त्या बोलण्यात आली.

तरी यंत्राची बाजू मी नाकारीत नाही. मिस्त्रीने तीन वेळा फोन का उचलला नाही हे मी नंतर विचारले, तेव्हा तो एका गच्चीच्या कठड्याबाहेर वाकून बाहेरचे युनिट खोलत होता, असे कळले; तेथे फोनसाठी हात सोडणे म्हणजे जीव सोडणे. उन्हाळ्याच्या दोनअडीच महिन्यांत वर्षाची कमाई करणाऱ्या अशा माणसाची प्रत्येक न उचललेली घंटी त्याच्या घरातला घास उणा करते. शिवाय माणूस हा निःपक्षपाती असतोच असेही नाही. अमेरिकेत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर याने १८९१ मध्ये स्वयंचलित टेलिफोन जोडणीचे पेटंट घेतले, ते जोडणी करून देणारी बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयापोटी, असे सांगतात. यंत्राला आपपरभाव नाही, झोप नाही, आणि रात्री दोनला गुदमरलेल्या घराची ते निदान नोंद करून घेते. हा उपकार लहान नव्हे.

मग दोष कोठे आहे? आमच्या वस्तीच्या जरीपटका या नावातच मला त्याचे उत्तर सापडते. जरीपटका हे मराठ्यांचे राजनिशाण. ज्या सरदाराला ते बहाल होई त्याच्या पाठीशी राज्य उभे आहे असे समजले जाई. ते वस्त्र स्वतः काही जाणत नव्हते, काही वचन देत नव्हते, आणि तरीही त्याच्यापुढे माणसे प्राण ठेवीत, कारण त्यामागे जबाबदार असे कोणी होते. यंत्राचा आवाज हा असाच एक पटका आहे. त्याच्या तोंडून दिलेली वेळ ही मालकाची कबुली आहे, आणि ती मोडली तर मोडणारा मालक आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडा या विमान कंपनीने, आपल्या संवादयंत्राने आजीच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली खरी, परंतु ते यंत्र ही वेगळी व्यक्ती असून आपल्या कृतीस तेच जबाबदार आहे, अशा आशयाची कैफियत मांडली. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने ती फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. मुखत्यारपत्र देऊन कारभार करवणाऱ्याने मुनीमाकडे बोट दाखवावे, आणि तो मुनीम तर अचेतन असावा, हा युक्तिवाद आपल्या गावच्या पंचांनीही ऐकून घेतला नसता.

जरीपटक्यातील आणि अवघ्या नागपुरातील दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी यंत्र खुशाल लावावे. मात्र पुढचा नवतपा लागण्यापूर्वी त्या यंत्राला, घरात वृद्ध वा आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला शिकवावे, आणि ते देईल त्या प्रत्येक वेळेखाली येणाऱ्या माणसाचे नाव व त्याचा फोन नंबर लिहावा.