न पाहिल्याची साक्ष

प्रबंधाचे दुसरे प्रकरण कोणी वाचत नाही, अशी आम्हा शिक्षकांत एक समजूत आहे. पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख असते, चौथ्यात कोष्टके असतात, पाचव्यात निष्कर्ष. मौखिक परीक्षेला आलेले परीक्षक निष्कर्ष वाचतात, कोष्टकांवर एखादा प्रश्न विचारतात आणि चहा घेतात. दुसरे प्रकरण म्हणजे 'संबंधित साहित्याचा आढावा'. उर्दूत लिहिणारे त्याला 'मुतअल्लिका अदब का जायजा' म्हणतात. आपल्या विषयावर आपल्याआधी कोणी काय लिहिले, त्यातले किती टिकण्यासारखे आहे आणि आपण कोठून पुढे जाणार, हे सांगण्याची ही जागा. प्रत्यक्षात ती पाने भरण्याची जागा झाली आहे.

आम्ही जवळा बाजारसारख्या गावात उर्दू माध्यमाच्या वर्गांना शिकवणारी माणसे. बी.एड. करून नोकरीला लागलो. मग कोणी एम.एड. करतो, कोणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवतो. विद्यापीठ १९९४ साली झाले, हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. संशोधनाला पुरेल असे ग्रंथालय मात्र आमच्या गावापर्यंत आले नाही. नांदेडला जायचे तर एक रजा खर्ची पडते. आता मोबाइलवर 'शोधगंगा' उघडते आणि देशभरातले प्रबंध समोर येतात, ही मोठीच सोय झाली. पण सोयीचा उपयोग बहुधा असा होतो: आपल्या विषयाच्या जवळचा एक प्रबंध शोधायचा, त्याचे दुसरे प्रकरण उघडायचे आणि त्यातली माळ जशीच्या तशी आपल्या गळ्यात घालायची. 'अमुक यांनी तमुक साली इतक्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला व असा निष्कर्ष काढला.' खाली दुसरा मणी, त्याखाली तिसरा. ज्याच्याकडून माळ घेतली त्यानेही ती आणखी कोणाकडून घेतलेली असते. मूळ प्रबंध या साखळीत शेवटचा कोणी आणि कधी उघडला, हे सांगता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष थांबायचे. साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. नियम चांगला आहे. परंतु यंत्र शब्द जुळवून पाहते. लिहिणाऱ्याने पुस्तक उघडले होते की नाही ते त्याला कळत नाही. म्हणून 'निष्कर्ष काढला' याचे 'असे आढळून आले' केले की काम भागते. अलीकडे तर संगणकाला सांगितले की तोच आढावा लिहून देतो, आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे हवाले देतो, तेही पृष्ठक्रमांकासह.

यावर आमच्यातलेच काही जण विचारतात, यात कोणाचे काय बिघडले? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारा दिवसभर वर्ग घेतो, मध्येच निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम करतो, घरी आजारी आई आहे. त्याने कोणाचे पैसे बुडवले नाहीत. जे लिहिले ते बहुधा खरेही असेल. मग न वाचलेल्या पुस्तकाचे नाव घेतले, तर गुन्हा कोणता?

आम्हाला वाटते, हवाला ही साक्ष आहे. 'अमुक यांनी असे म्हटले आहे' हे वाक्य लिहिणारा वाचकाला सांगत असतो की मी तेथे गेलो, मी पाहिले. 'शहादत' या शब्दातच हजर असणे आहे. समजा, कोर्टात एकाने सांगितले की 'मी पाहिले', आणि त्याने पाहिलेले नव्हते. पुढे घटना खरी निघाली, म्हणून त्याची साक्ष खरी ठरत नाही. खोटे घटनेबद्दल बोलले गेले नव्हते. ते स्वतःबद्दल बोलले गेले होते.

हदीसच्या विद्वानांनी या दोषाला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच नाव देऊन ठेवले आहे, याचे आम्हाला राहून राहून आश्चर्य वाटते. ते नाव 'तदलीस'. एका रावीने एखादी गोष्ट थेट उस्तादाकडून ऐकलेली नसते. मधल्या कोणाकडून ऐकलेली असते. सांगताना तो मधल्याचे नाव गाळतो आणि अशी शब्दरचना करतो की ऐकणाऱ्याला वाटावे, याने स्वतः उस्तादाच्या तोंडून ऐकले. तो 'मी ऐकले' असे उघड खोटे बोलत नाही. 'अमुक यांच्याकडून' एवढेच म्हणतो. मुहद्दिसांनी ही पळवाट ओळखली. ज्याला तदलीसची सवय आहे, त्याचे 'अमुक यांच्याकडून' ते स्वीकारत नसत. 'मी स्वतः ऐकले' असे त्याने स्पष्ट म्हटले तरच घेत. आमच्या दुसऱ्या प्रकरणांना ही एक कसोटी लावली तर किती पाने उरतील?

आता हे सारे पांडित्य वाटू नये म्हणून आपल्याच घरातले एक उदाहरण घेऊ. ९ जानेवारीला अनेक उर्दू शाळांत फातिमा शेख यांची जयंती साजरी होते. मुली भाषणे करतात. जन्म १८३१, भाऊ उस्मान शेख, घराबाहेर पडावे लागलेल्या फुले दांपत्याला त्यांनी दिलेला आसरा, सावित्रीबाईंच्या बरोबरीने केलेले अध्यापन, पहिल्या मुस्लिम शिक्षिका. २०२२ साली त्याच तारखेला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा आम्हा सर्वांनाच अभिमान वाटला. मग जानेवारी २०२५ मध्ये हिंदी पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर लिहिले की, फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी कोणी बाई नव्हतीच. दोन दिवस गदारोळ झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे भाषणे लिहून दिली होती, त्यांच्यातले अनेक जण गप्प झाले, काही चिडले. चिडणे समजू शकते, पण ते उत्तर नव्हे.

उत्तर महाराष्ट्रातच, मराठीतच छापलेले होते. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केले, म्हणजे समाजमाध्यमे जन्माला यायच्या कितीतरी आधी. त्यात सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी आहेत, पुण्याचे काम मागे राहिले आहे, आणि त्यामुळे फातिमेवर भार पडत असेल पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्या करतात. उल्लेख एवढाच. पण ज्याने तो वाचला होता, त्याला जानेवारीतल्या त्या दिवसांत घाबरण्याचे कारण नव्हते.

येथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धीच होईल. कारण चिकित्सक वाचन दोन्ही बाजूंना कापते. त्या पत्रात 'शेख' हे आडनाव नाही. जन्मतारीख नाही. भावाचे नाव नाही. फातिमा शाळेत शिकवत होती, असेही त्या शब्दांत म्हटलेले नाही. सावित्रीबाईंच्या गैरहजेरीत कोणते काम वाढले असेल, यावरून आपण ते अनुमान काढतो. अनुमान बळकट आहे, तरी ते अनुमानच आहे. म्हणजे भाषणात ज्या सात-आठ गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, त्या सगळ्यांचे वजन सारखे नाही. एका गोष्टीमागे पत्र आहे. काहींमागे नंतरच्या चरित्रकारांचे कथन आहे आणि त्यांनी ते कोठून घेतले हे विचारावे लागेल. काहींमागे फक्त एकमेकांचे हवाले आहेत. चांगला आढावा हे थर वेगळे करून दाखवतो. तसा आढावा आपल्याकडे आधीच लिहिलेला असता, तर एका माणसाच्या एका पोस्टने सगळा डोलारा हलला नसता. डोलारा हलला तो फातिमाबीमुळे नव्हे. आपण त्यांच्या नावावर तपासून न पाहता जे चढवत गेलो, त्यामुळे हलला.

दुसरी एक अडचण आहे आणि ती आपल्या समाजात विशेष आहे. ती अदबीची. मार्गदर्शकांच्या जुन्या प्रबंधात नमुना फार लहान होता, किंवा एखाद्या आदरणीय लेखकाने आपला निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे ढकलला, हे विद्यार्थ्याने लिहायचे कसे? उस्तादाची चूक काढणे म्हणजे गुस्ताखी, गेलेल्यांची चूक काढणे म्हणजे गीबत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. म्हणून आपले आढावे सगळ्यांना सलाम करत पुढे जातात. सर्वच संशोधने 'मोलाची', सर्वच निष्कर्ष 'महत्त्वपूर्ण'.

परंतु ज्या परंपरेतून ही अदब आली, तिनेच हा प्रश्न सोडवलेला आहे. रावीची पारख करणाऱ्या शास्त्राला 'जरह व तादील' म्हणतात; जरह म्हणजे दोष दाखवणे, तादील म्हणजे विश्वासार्ह ठरवणे. ही गीबत होते का, यावर विचार झाला आणि तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये ज्या प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगणे जायज ठरते त्यांत याची गणना केली. त्याआधी चारशे वर्षे अली इब्न अल-मदीनी होऊन गेले, इमाम बुखारींचे उस्ताद. त्यांचे वडीलही हदीस सांगत. वडिलांबद्दल विचारले तेव्हा ते टाळू लागले, आग्रह झाला तेव्हा वडील या बाबतीत कमकुवत आहेत असे त्यांनी सांगितले. मुलाने बापाबद्दल हे म्हणावे, यात बेअदबी कोणालाही वाटली नाही. बाप बाप राहिला, रिवायत तेवढी बाजूला ठेवली गेली. आपल्या मराठवाड्यातले दुसरे उदाहरण पैठणच्या एकनाथांचे. ज्ञानेश्वरीवर त्यांची भक्ती किती होती हे सांगायला नको. त्याच भक्तीने त्यांनी १५८४ साली निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि नकलणाऱ्यांनी घुसडलेले पाठ दूर केले. पोथीला हात लावणे पाप आहे असे त्यांना वाटले नाही.

आणि चिकित्सा म्हणजे दोष काढणे, असेही नव्हे. तादील हा निम्मा भाग आहे. आमच्या मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. मोडून पाहणे म्हणजे माल नाकारणे नसते. मोडून पाहिल्याशिवाय तो चांगला भाव देऊच शकत नाही. जो आढावा एकाही संशोधनाला नाकारत नाही, त्याने केलेल्या स्तुतीलाही किंमत राहत नाही.

वाचनाचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या मुलांबद्दल आहे. मुस्लिमांच्या शिक्षणावर लिहिलेल्या प्रबंधात सच्चर समितीचा उल्लेख नसेल असे होत नाही. नोव्हेंबर २००६ मधला तो अहवाल. त्यातला २००१ च्या जनगणनेचा आकडा, मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के, राष्ट्रीय सरासरीहून सुमारे सहा टक्क्यांनी कमी, हा आमच्याकडे पाठ झाला आहे. पण हा आकडा देशाचा आहे. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के आहे आणि राज्याची एकूण ७६.९. म्हणजे येथे मुसलमान सरासरीच्या वर आहेत! हिंगोली किंवा परभणीच्या मुलांवर लिहिताना देशाचा आकडा उचलणाऱ्याला हे दिसतच नाही. आणि हे दिसल्यावर 'मग प्रश्नच नाही' असे म्हणणाराही घाईच करतो. राज्यातले सुमारे सत्तर टक्के मुसलमान तेव्हा शहरांत राहत होते, राज्याची एकूण लोकसंख्या मात्र बेचाळीस टक्केच शहरी होती. शहरात साक्षरता मुळातच जास्त. शहराची तुलना शहराशी केली की मुसलमान पुन्हा मागे दिसतात. आणि साक्षरता म्हणजे पदवी नव्हे, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको. एका आकड्याचे असे तीन पदर आहेत. नकलून घेणाऱ्याच्या हाती वरचा एकच लागतो, आणि तोही दुसऱ्या प्रदेशाचा.

ही मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते, त्यावर पुढे योजना होतात, शिष्यवृत्त्या ठरतात, वर्तमानपत्रांत मते बनतात. अल्-बिरुनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिताना सुरुवातीलाच तक्रार केली होती की, येथील लोकांच्या धर्मांबद्दल जी पुस्तके आहेत ती बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली आहेत. म्हणून तो संस्कृत शिकला. परक्यांनी आपल्याबद्दल ऐकीव लिहिले की आपल्याला राग येतो. आपणच आपल्याबद्दल ऐकीव लिहितो, त्याला काय म्हणावे?

साधने नाहीत ही तक्रार खरी आहे. तरीही प्रामाणिकपणाला साधने लागत नाहीत. मूळ पुस्तक मिळाले नाही तर 'अमुक यांच्या प्रबंधावरून' असे लिहिता येते. त्याने मान कमी होत नाही. मधल्या माणसाचे नाव सांगितले की तदलीस उरतच नाही. चाळीस नावांऐवजी बारा नावे देता येतात.

देता येतात म्हणतो, पण ते सोपे नाही. आमच्यातल्या एका आपांचा विषय उर्दू माध्यमातल्या मुलींचे दहावीनंतरचे शिक्षण सुटणे हा आहे. त्यांच्या पहिल्या मसुद्याच्या आढाव्यात त्रेचाळीस संशोधने होती. त्यांनी एकेक मूळ शोधून वाचायला घेतले. जे मिळाले नाही ते काढले, दोन ठेवली ती मधल्या लेखकाचे नाव देऊन. चौदा उरली. प्रत्येकाखाली चार-सहा ओळी: नमुना कोठला, मुलींना स्वतःला विचारले की फक्त मुख्याध्यापकांना, निष्कर्ष हिंगोलीला लागू पडतो का. मार्गदर्शकांनी प्रकरण हातात घेऊन पाने मोजली आणि म्हणाले, "फार कमी झाले. निदान चाळीस तरी हवीत." आपांनी विचारले, "सर, यातले कोणते सुटले ते सांगा, मी वाचते." त्यावर उत्तर मिळाले नाही. प्रकरण दोन महिने झाले तेथेच पडून आहे. आपांनी मात्र पंधरावा प्रबंध वाचायला घेतला आहे, मोबाइलवर, रोज रात्री दहा-बारा पाने.